सतरा नंबरची काच

खातं उघडायला ओटीपी लागतो
आणि चिचगावात ओटीपी
पाण्याच्या टाकीच्या नवव्या पायरीवरच येतो.
गहाणे खालून ओरडले, मॅडम, शेवाळ हाय, चप्पल काढा.
एका हातात चप्पल, एका हातात फोन,
अशी मी त्याच्याकडे पहिल्यांदा गेले.

पांढरी चौकट. सौम्य अक्षरं.
आपण कशावर संशोधन करत आहात?

हत्तीरोग, एवढंच लिहिलं.
तर पंगतीत नको नको म्हणताना भात येत राहावा
तसं तो वाढत गेला,
शेवटी पाच शोधनिबंध, वर्षांसकट, पानांसकट.
चार सापडले.
पाचवा कुठे कधी छापूनच आला नव्हता.
विचारलं, तर म्हणाला, क्षमस्व, माझी चूक झाली.
अकरा वर्षांत आमच्या विभागात
हे वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.
म्हणून ठेवला. पण तेव्हापासून
त्याचं प्रत्येक पान उलटून बघते,
बाजारात वांगं उलटून बघावं तसं.

नावं टाकायची नाहीत, सरांचा निरोप. नुसते नंबर.

रक्त रात्रीच का घ्यायचं, हे त्याला पक्कं ठाऊक :
जंतू दिवसा फुप्फुसात दडून बसतात,
डास निघाले की तेही निघतात.
पण त्या रात्री अख्खं गाव जागं का होतं
ते कुठल्या रकान्यात लिहू?
धान निघालं होतं. मोकळ्या बांधीत नाटकाचा मंडप होता.
दुसरा अंक संपला
आणि पडद्यामागे, रंगाच्या डब्यांशेजारी
आम्ही आमच्या काचा मांडल्या.

सतरा नंबर, खलनायक.
मिशी एका बाजूनं सुटलेली.
डावा हात पुढे करून म्हणाला,
टोचा, पण लवकर टोचा,
मले आता खून करायचा हाय.

बावीस नंबर, पार्बताबाई.
तिचा पाय मी इथे लिहीत नाही.
ती म्हणाली, पोरी, माया रक्तात काईच निघत नाई,
दरसाल देतो, दरसाल साफ.
खरंच साफ निघालं.

तेव्हा रात्री दीडला उपकेंद्राच्या ओट्यावर
माझा पहिला खरा प्रश्न लिहिला :
ज्याचा पाय सुजला त्याचं रक्त कोरं,
आणि ज्याच्या रक्तात ते वळवळतात
तो खुशाल नाचतो, असं का?
या वेळी त्यानं थोडंच लिहिलं.
एवढं माहीत आहे, म्हणाला. यापुढचं
अजून कुणालाच नीट माहीत नाही.
मला बरं वाटलं. ओट्यावर आम्ही दोघं
एकाच अंधारात पाय सोडून बसल्यासारखं.

सकाळी पेटी उघडली.
गहाण्यांनी रात्री तिच्या शेजारी चिवड्याची पुडी ठेवलेली,
मुंग्यांची रांग चिवड्यातून काचांवर.
सतरावर रक्त नव्हतंच,
फक्त माझ्या अक्षरातला आकडा.

गहाळ नमुन्याचं काय करू?
त्यानं तीन पद्धती दिल्या. तिन्ही बरोबर,
तिन्ही उलटून बघितल्या.
सरासरीनं भरा, अंदाजानं भरा, वगळून हिशेब करा.
आणि सगळ्यात खाली, जणू जाता जाता,
शक्य असल्यास पुन्हा जा.

कंपनीचा पुढचा मुक्काम डोंगरगावला, एकोणीस किलोमीटर.
गहाणे गाडी चालवत होते, चिवड्याबद्दल अवाक्षर नाही.
पडद्यामागे तोच माणूस, आज मिशी नीट.
ओळखलं त्यानं. हात स्वतःच पुढे केला,
म्हणाला, कमी पडलं का?

मुंग्यांचं सांगितलं नाही.
परतीच्या वाटेवर काच मांडीवर आडवी,
फुंकर मारायची नसते, आपोआप वाळू द्यायची.
फोनला रेंज नव्हती.
चौकटीत सतराच्या पुढे
ती बारीक रेघ लुकलुकत होती,
आणि मी काहीच भरलं नाही.